सागरातील लोह आणि हातावरची धूळ



उन्हाळ्याच्या दिवसांत कामधंदा आटोपून, गार वाऱ्यावर चार चांगले विचार ऐकावेत म्हणून आपण येथे जमला आहात, आणि मी आपल्यापुढे आणले आहे ते खारे पाणी! परंतु या पाण्यातून माणसाच्या प्रामाणिकपणाविषयी काही शिकता येते, असे मला वाटते; म्हणून हे धाडस.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ज्याने मिठागर पाहिले आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. पण त्याच पाण्यात लोह, जस्त, तांबे, शिसे हे धातूही विरघळलेले असतात. ते किती? एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करावेत आणि त्यांतले पाच-सहा उचलावेत. किनाऱ्यापासून दूर, भर महासागराच्या पृष्ठभागी, एका लिटर पाण्यात अनेक ठिकाणी एवढेच लोह सापडते. एक ग्रॅम लोह, म्हणजे चपलेचा एखादा बारीक खिळा, जमवावयाचा तर असल्या पाण्याचे दहा हजार लिटरचे सतरा ते वीस हजार टँकर लागतील. टँकरचा हिशोब आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही!

आता आपण विचाराल, एवढ्याशा लोहाची उठाठेव कशाला? त्याचे कारण असे. समुद्राच्या उजेडाच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याचे जे काम पृथ्वीवर चालते, त्यातले जवळजवळ अर्धे त्या करतात. मासळी अखेर त्यांच्यावरच जगते, आणि हवेतला कर्बवायूही त्या शोषून घेतात. लोहावाचून त्यांचे चालत नाही.

हे मोजमाप किती फसवे असते, याची एक कथा आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर युद्धखंडणीचा प्रचंड बोजा पडला. फ्रिट्झ हाबर या थोर रसायनशास्त्रज्ञाने ठरविले की, समुद्रातले सोने काढून ते देणे फेडावे. टनाला काही मिलिग्रॅम सोने असते, असे जुने आकडे सांगत होते. हाबरने कित्येक वर्षे नमुने तपासले आणि १९२७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: सोने अपेक्षेच्या सुमारे हजारपट कमी! मग पूर्वीचे सोने आले कोठून? पुष्कळसे भांड्यांतून आणि रसायनांतून. आजची मापे तर हाबरच्या आकड्याहूनही शंभरपटींनी कमी आहेत.

पुढे अमेरिकेत क्लेअर पॅटरसन यांना हाच अनुभव शिशाच्या बाबतीत आला. पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे आहे, हे १९५६ साली सिद्ध करणारे ते हेच. शिसे मोजू लागावे तो जिकडेतिकडे शिसेच: हवेत, काचेत, कपड्यांवर, केसांत. त्यांनी गाळलेल्या हवेची स्वच्छ खोली उभारली आणि आम्लाने भांडी धुतली, तेव्हा समुद्राचे खरे शिसे दिसले. मोटारीच्या पेट्रोलमधले शिसे समुद्रापर्यंत पोचले आहे, हेही त्यावरूनच कळले. त्या शोधाने उठलेला वाद बरीच वर्षे चालला. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल जगातून अखेर २०२१ साली हद्दपार झाले.

लोहाची अडचण त्याहून मोठी, कारण जहाजच मुळी लोखंडाचे! कॅलिफोर्नियातले जॉन मार्टिन यांनी १९८०नंतरच्या दशकात प्लास्टिकच्या बाटल्या व स्वच्छ दोर वापरून नमुने घेतले. काही समुद्रांत इतर खते मुबलक असून वनस्पती विरळ का, हे जुने कोडे होते. तेथे लोहच अपुरे आहे, असे त्यांनी मांडले. १९९३ साली ते वारले. त्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलापागोस बेटांजवळ ६४ चौरस किलोमीटर समुद्रात लोह सोडले, आणि वनस्पती खरोखर वाढल्या.

आता यंत्राकडे वळू. १९५७ साली लेनर्ड स्केग्ज यांनी रक्त तपासण्यासाठी एक युक्ती प्रसिद्ध केली. बारीक नळीतून नमुने एकामागून एक वाहावेत, मध्ये हवेचे बुडबुडे सोडावेत, रसायने वाटेतच मिसळावीत आणि शेवटी रंग मोजावा. १९७५ साली डेन्मार्कमध्ये रुझिच्का आणि हान्सेन यांनी बुडबुड्यांवाचूनही हे साधते, असे दाखविले. समुद्राच्या लोहासाठी त्यात एक भर पडली. पाणी एका विशिष्ट राळेच्या कणांतून नेतात. ती राळ धातूला खेकड्याने नांगीत पकडावे तशी धरते आणि मीठ वाहून जाते. मग थोडे आम्ल सोडले की धातू सुटतो. त्याला ल्युमिनॉल भेटते, म्हणजे पोलीस रक्ताचे डाग शोधताना वापरतात तेच. लोहाच्या संगतीत ते निळसर उजळते. जितका उजेड, तितके लोह. सारे काही जहाजावर, बंद नळीत, काही मिनिटांत होते. झाकण उघडणे नाही, की हात लागणे नाही. शिवाय आकडा तिथल्या तिथे मिळाल्याने पुढचा नमुना कोठे घ्यावा हेही ठरविता येते.

पण यंत्र आले म्हणून सत्य आले, असे मात्र समजू नका. यंत्र चूकही तितक्याच इमानाने पुन्हापुन्हा करते. म्हणून शास्त्रज्ञ ‘कोरी तपासणी’ करतात. नमुना न घालता बाकी सारे तसेच करावयाचे. जो आकडा येईल तो आपला, समुद्राचा नव्हे. तो वजा करावयाचा. आणि २००४ साली पॅसिफिकमधून एकच पाणी काढून ते निरनिराळ्या प्रयोगशाळांना वाटण्यात आले, ते एवढ्यासाठीच, की प्रत्येकाने आपला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहावा.

या काटेकोरपणावर आज मोठे निर्णय अवलंबून आहेत. समुद्रात लोह टाकून हवेतला कर्बवायू कमी करावा, असे सुचविणारे लोक आहेत. २००९ साली आपल्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसह दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर हा प्रयोग केला. वनस्पती वाढल्या, पण त्या बारीक समुद्रजीवांनी खाऊन टाकल्या, आणि खोल तळाकडे कर्ब फारसा गेला नाही. लोहाचे माप खात्रीचे नसते, तर या निष्कर्षावर कोणी विश्वास ठेवला असता?

हाबरला सोने मिळाले नाही. तरी आपले सोने आपल्याच भांड्यातून आले होते, हे त्याने जगाला सांगितले. मला तेच मोलाचे वाटते. नगरपालिकेचे आकडे असोत, वर्तमानपत्राचे असोत की आपल्या घरचे, ते वाचताना ‘यातून आमच्या हाताची धूळ वजा केली आहे काय?’ एवढा प्रश्न आपण विचारू लागलो, तर आजचे हे खारट व्याख्यान कारणी लागले असे मी मानीन.