कोकणचे बेने इस्रायल व त्यांची मायभूमी
(ज्ञातिसंमेलन, मीरा रोड येथे केलेले भाषण)



गावचे घर सोडून मीरा रोडला बिऱ्हाड केलेल्या आपणां सर्वांपुढे स्थलांतराविषयी बोलताना आम्हांस कोकणातील जुन्या शेजाऱ्यांचे स्मरण होते. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, अशी बेने इस्रायलांची परंपरा आहे. पुढे त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावेही गावांवरून पडली: किहीमकर, पेणकर, दिवेकर. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले.

युरोपात ज्यूंचा जो छळ झाला, तसा येथे कधीच झाला नाही. मग ते गेले का? प्रार्थनेत पिढ्यान्‌पिढ्या जेरुसलेमचे नाव घेणाऱ्यांस १९४८ साली इस्रायल राष्ट्र उभे राहिलेले दिसले, हे मुख्य कारण. शिवाय इंग्रज गेल्यावर सरकारी व रेल्वेच्या नोकऱ्यांची शाश्वती राहील काय, ही चिंताही होतीच.

परंतु तेथे पोहोचल्यावर काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. भेदभावाची तक्रार करून काहींनी धरणे धरले व १९५२ साली त्यांतील काही कुटुंबे भारतात परतली. पुढे त्यांतील बरीचशी पुन्हा गेली. १९६२ साली तर तेथील मुख्य धर्मपीठाने आज्ञा काढली की, बेने इस्रायलांचा विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्या मायभूमीसाठी घरदार सोडले, तिनेच विचारावे, तुम्ही आमचे कशावरून? (आपल्या वधू-वर सूचक मंडळाच्या छापील अर्जातही आजोळच्या कुळाचा रकाना आहे. कार्यकारिणीने तो का ठेवला आहे, हे आम्ही आजच्या सभेत विचारणार आहोत.) या लोकांनी मान खाली घातली नाही. १९६४ साली जेरुसलेममध्ये त्यांनी निदर्शने केली, आणि बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत, असे त्याच वर्षी तेथील सरकारास व संसदेस जाहीर करावे लागले.

आज बहुसंख्य बेने इस्रायल तिकडे दिमोना, अश्दोद, लोद अशा गावी नांदतात. मंगलप्रसंगी पोहे, खोबरे व साखरेचा मलिदा त्यांच्या घरी होतो. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथे निघाले. इकडे नवगावच्या जुन्या दफनभूमीत पूर्वजांचे स्मारक आहे. तिकडून आलेली नातवंडे ते पाहावयास जातात.