जंगलाच्या दारावरची पावती

बुलढाण्याहून खामगावकडे निघालेली एस.टी. बोथ्याच्या घाटातून जाते, तेव्हा तिच्यातील प्रवासी ज्ञानगंगा अभयारण्यातूनच प्रवास करीत असतात. त्यांच्याकडे कोणी पावती मागत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सार्वजनिक रस्त्यावरून जाणाऱ्यास परवान्याच्या अटीतून वगळले आहे. पर्यटकाला मात्र परवाना घ्यावा लागतो आणि शुल्कही भरावे लागते. हे शुल्क कोणी, कशासाठी आणि कोणाच्या हिताकरिता द्यावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

‘जंगल सर्वांचे, मग शुल्क कशाला?’ असा युक्तिवाद केला जातो. तो अपुरा आहे. एकाने झाड पाहिल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे झाड कमी होत नाही, हे खरे. परंतु मोटारींची रांग, रात्रीचे दिवे आणि तंबूंभोवतीचा कचरा यांनी सर्वांच्याच वाट्याची शांतता कमी होते. अमेरिकेत माउंट रेनिअर राष्ट्रीय उद्यानाने १९०८ साली शुल्क घेण्यास आरंभ केला, तो मोटारींपासून. त्यातील तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. जो अधिक भार टाकतो, त्याने अधिक द्यावे. खासगी वाहन, महागडा कॅमेरा आणि मुक्काम यांवर शुल्क अवश्य असावे. परंतु खामगावच्या नगरपालिका शाळेतील मुलाला त्याच दारावर पैशांअभावी परतावे लागले, तर सार्वजनिक संपत्ती धनिकांची बाग ठरेल.

या हिशेबात आणखी एक रकाना आहे आणि तो सहसा कोराच राहतो. १९९७ साली घोषित झालेल्या, सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्याच्या कडेचा शेतकरी रोही आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी रात्र-रात्र जागतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ २०१९ साली ज्ञानगंगेत पोहोचला. त्याची वाट केवळ जंगलांतून नव्हे, तर शेतांतून आणि ओढ्यानाल्यांतूनही गेली होती. म्हणजे पर्यटक जे पाहावयास येतो, त्याच्या रक्षणाचा मोठा वाटा दारावर पैसे न घेणारा शेतकरी उचलतो. लाभ शहराला आणि तोटा गावाला, ही वाटणी न्याय्य नव्हे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. शुल्क भारानुसार असावे. सार्वजनिक वाहनाने येणारे आणि विद्यार्थी यांना ते नाममात्र असावे. जमा रकमेचा आणि खर्चाचा हिशेब दरवर्षी लगतच्या ग्रामसभांपुढे वाचला जावा. पीकनुकसानीची भरपाई मात्र या तुटपुंज्या जमेवर न सोपवता शासनाने आपल्या तिजोरीतून वेळेवर द्यावी. कारण ती मेहेरबानी नसून देणे आहे.

२००६च्या वनहक्क कायद्याने जंगलावर अवलंबून असणाऱ्यांचे हक्क मान्य केले. हक्क मान्य झाल्यावर हिशेब मागणे ओघानेच येते. दारावर पावती फाडली जाते, तेव्हा तिची एक प्रत गावाच्या दप्तरीही पोहोचली पाहिजे.