सरकलेली हिरडी परत येत नाही

आज कोडिंग बाजूला ठेवू, हिरड्यांवर बोलू.

मी दिग्रसचा, नोकरी पुण्यात. कॉलेजपासून कडक ब्रशने खसाखसा दात घासायची सवय. हळूहळू वरचा सुळा लांब दिसायला लागला. थंड पाणी प्यायलो की कळ थेट डोक्यात. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "दात हालत नाई, तं दवाखान्यात कायले जातं रे?" अशी तीन वर्षं गेली.

दात लांब होत नसतो. हिरडी सरकते, मूळ उघडं पडतं. आणि सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही.

डॉक्टरांनी ग्राफ्ट सांगितलं. जागा बधिर करतात, टाळूच्या आतला पातळ थर काढतात, तो उघड्या मुळावर ठेवतात आणि वरून हिरडी ओढून टाके घालतात. बर्टन आणि लॉरीन लँगर यांनी ही पद्धत १९८५ मध्ये मांडली. मुळाकडून ग्राफ्टला रक्त मिळत नाही, ते आजूबाजूच्या हिरडीतूनच येतं. म्हणून सुरुवातीला तो हलता कामा नये.

खरं सांगू? हिरडीपेक्षा टाळूलाच जास्त ठणका लागला. दोन आठवडे वरण-भात, त्या जागी ब्रश बंद, फक्त माऊथवॉश. ओठ उचलून सेल्फी काढायचा नाही, हे सगळ्यात अवघड!

तपासणीला बाबांनाही नेलं होतं. वीस वर्षांचा खर्रा. डॉक्टर म्हणाले, "दातांमधलं हाड शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकता येतं. मुलाचं आहे, तुमचं झिजलंय. आधी खर्रा बंद, मग सफाई. ग्राफ्टचं नंतर बघू, पण पूर्ण झाकलं जाणार नाही."

परतताना एसटी दारव्ह्याला थांबली. बाबा नेहमी खर्रा घ्यायला उतरतात. त्या दिवशी खिडकीपाशी बसून राहिले. अजून सुटला नाही, पण कमी झालाय.

तर मित्रांनो, मऊ ब्रश, हलका हात. यवतमाळकडचे असाल तर सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय आणि नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. दुखायची वाट बघू नका. आज आरशात बघा, आणि घरच्यांनाही बघायला सांगा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!