आई-बाबांचा प्रवास आणि आपला ओटीपी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावलं आहे, "कॉम्प्युटरचं बोल, पण सगळ्यांना कळेल असं बोल." म्हणून मी प्रवासावर बोलणार आहे. मघाशी आपल्या शिक्षकांना आपण एकच प्रश्न विचारत होतो, "सध्या काय चाललंय?" बहुतेकांचं उत्तर होतं, "फिरतोय!" कुणी अष्टविनायक करून आलंय, कुणी केरळ, कुणी नर्मदा परिक्रमेची तयारी करतंय. आपल्या आजी-आजोबांच्या वेळी काशीला जाणं म्हणजे आयुष्यात एकदाच आणि सगळ्यांचा निरोप घेऊन. आज सत्तरीतली माणसं वर्षातून दोनदा बॅग भरतात. टूरवाले ज्येष्ठांसाठी वेगळ्या, सावकाश सहली काढतात आणि त्या भरतातही.

यात सरकारी निर्णयांचाही वाटा आहे. आपल्या एसटीत २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना राज्यात मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट. शिवाय १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट. आमच्या शेजारच्या ७८ वर्षांच्या काकू दर महिन्याला बहिणीकडे जातात. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो, झालं. मी त्यांना म्हटलं, "काकू, पैसे वाचले ना?" त्या म्हणाल्या, "पैशाचं काय गं, मागावे लागत नाहीत ते बरं." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. भाडं कदाचित दोनशे रुपये असेल, पण ते मुलाकडे मागताना "कशाला जायचंय? परवाच तर गेली होतीस" हेही ऐकावं लागतं. शून्याच्या तिकिटाने हा प्रश्नच मिटवला.

आता रेल्वेकडे या. तिथे पूर्वी ६० वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. ती करोनाच्या वेळी, मार्च २०२० मध्ये बंद झाली. पण माझा मुद्दा भाड्याचा नाही, तिकीट काढण्याचा आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. सकाळी आठला खिडकी उघडते आणि चांगल्या गाड्या बघता बघता भरतात. तत्काळ हवं असेल, तर १ जुलै २०२५ पासून आयआरसीटीसीचं खातं आधारशी पडताळलेलं लागतं. त्या पडताळणीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो.

आता प्रत्येकाने मनातल्या मनात उत्तर द्या. तुमच्या आई-बाबांच्या आधारला नंबर कुणाचा जोडलाय? बँकेला कुणाचा? निम्म्या घरांत तो आपला असणार. सोय म्हणून आपणच दिलेला. म्हणजे बाबांना गाडीचं तिकीट काढायचं असेल, तर आधी पुण्यात किंवा न्यू जर्सीत मीटिंगमध्ये बसलेल्या मुलाला फोन. मुलगा म्हणतो, "बघतो शनिवारी." शनिवारपर्यंत गाडी वेटिंगला गेलेली असते. मग तो म्हणतो, "जाऊ दे ना बाबा, थंडीतच जा." कुणी नाही म्हटलेलं नसतं, तरी जाणं राहून जातं. शाळेच्या सहलीला आपल्याला पालकांच्या सहीचं संमतिपत्र लागायचं. आता पालकांना आपलं लागतं, फक्त ते सहा आकडी असतं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. ॲप बनवणाऱ्यांचं सरासरी वय तिशीच्या आतबाहेर. त्यांना वेळ संपल्याचं घड्याळ, वाकडीतिकडी अक्षरं ओळखण्याची परीक्षा, फिकट करडी बारीक अक्षरं यांचा त्रास होत नाही. सत्तर वर्षांचा माणूस तिथे अडखळला, की त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. सर, बाई, तुम्हाला एवढंच सांगायचंय, की चूक तुमची नसते. आणि स्टेशनवरची आरक्षणाची खिडकी अजून उघडी आहे, तिथे फॉर्म भरून तिकीट आजही मिळतं.

काळजी खोटी नसते, हे मान्य. केदारनाथ साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे हृदयाचा त्रास असलेल्याने डॉक्टरांना विचारूनच जावं. पण डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आपण नाही म्हणायचं, ही काळजी नव्हे. ती आपली सोय असते.

म्हणून तीन कामं. पहिलं, पुढच्या भेटीत आई-बाबांच्या आधारला आणि बँकेला त्यांचाच नंबर जोडून द्या. आणि ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, हेही शिकवा, अगदी मुलाचा आवाज वाटला तरी.

दुसरं, तिकीट त्यांच्या हातून काढून घ्या. आपण शेजारी बसायचं, बोट त्यांचं. तीन-चार वेळा वेळ लागेल. आपल्याला पाढे शिकवताना त्यांना किती लागला होता, तो हिशेब करू नका.

तिसरं, अगदी उपयोगाचं. लोअर बर्थचा कोटा ६० वर्षांवरच्या पुरुषांना आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रियांना असतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी आणि दोघेही या वयात बसणारे असतील तरच. आपण अख्ख्या कुटुंबाचं एकच तिकीट काढतो आणि गुडघे दुखणाऱ्या बाबांना वरचा बर्थ मिळतो. त्यांचं तिकीट वेगळं काढा. बर्थ शिल्लक असले तर खालचा मिळेल.

आणि हो, ४५ वर्षांवरच्या स्त्रिया म्हणजे कोण, हे बॅचमधल्या मुलींच्या लक्षात आलं असेलच! मुलगे अजून पंधरा वर्षं वरच चढतील. रेल्वेच्या लेखी आपली पाळी सुरू झाली आहे, मैत्रिणींनो. आपल्याला कुणाच्या ओटीपीची वाट बघावी लागू नये असं वाटत असेल, तर घरात ती रीत आजच पाडू या.

सर, बाई, पुढच्या मेळाव्याला तुम्ही स्वतः तिकीट काढून या. आम्ही स्टेशनवर घ्यायला असू.