पोरांच्या नांग्या कोणी भरायच्या?



कपाशी लावली की आठ-दहा दिवसांत आपण तासातासानं फिरतो आणि उगवलं नसेल तिथं नांगी भरतो. उशिरा भरलेलं झाड शेजारच्याच्या सावलीत खुरटतं. हे कळायला आम्हाला कृषी महाविद्यालयात जावं लागलं, तुम्हाला बापानंच सांगितलं होतं.

मार्च २०२० मध्ये करोनामुळं शाळा बंद झाल्या. ते चुकलं असं आम्ही म्हणत नाही. पण घोषणा झाली, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे.’ कुठं आहे? मोबाईलमध्ये. मोबाईल कोणी घ्यायचा? बापानं!

हिशेब मांडू. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,५५० रुपये क्विंटल. साधा स्मार्टफोन सात-आठ हजारांचा. म्हणजे जवळपास दीड क्विंटल, कोरडवाहूत अर्ध्या एकराचं पीक. तेही हमीभाव मिळाला तर. एप्रिलात खरेदी ठप्प होती, कापूस घरात आणि अंगाला खाज. रिचार्ज वेगळाच. शाळेची खोली, फळा, खडू सरकारचा होता. ऑनलाइन म्हणताच तो खर्च गुपचूप आपल्या खात्यावर पडला.

बरं, फोन आला. पोरं तीन, फोन एक, आणि दहाच्या तासाला तो बापाच्या खिशात, वावरात. रेंज पाण्याच्या टाकीवर. शेवटचा नंबर पोरीचा. दिवाळीनंतर तिच्या कमरेला वेचणीची ओटी बांधली गेली. ती आपणच बांधली, हेही या सभेत बोललं पाहिजे.

काही गुरुजींनी झाडाखाली, ओट्यावर पोरं बसवून शिकवलं. तिथं पोरं टिकली. बाकी ठिकाणी पहिली ते चौथीचे वर्ग थेट १ डिसेंबर २०२१ ला उघडले. ‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतात दुसरीचा धडा वाचू शकणारी तिसरीतली पोरं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. आधीही मिरवावं असं काही नव्हतंच.

जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली पोरं वर सरकत गेली आणि २०२५ मध्ये सहावीत पोचली. नांग्या तशाच राहिल्या. आता नुसता मागचा धडा गिरवून भागणार नाही, रोज तासभर वेगळं शिकवावं लागेल, आणि त्याचा पगार सरकारनं द्यावा लागेल.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत त्या तुकडीची यादी मागा. एकेका पोराच्या हातात चौथीचं पुस्तक द्या आणि सगळ्यांसमोर नको, घरी बसून वाचून घ्या. किती अडखळली तो आकडा घेऊन जिल्ह्याच्या बैठकीला या. निवेदन आम्ही त्यावरच लिहिणार आहोत.