पापणीवरील फोड आणि घरचा गोठा
(प्राथमिक शिक्षकांसमोर सिल्लोड येथे केलेले भाषण)



मुलाची पापणी सुजलेली दिसली की ती रांजणवाडी असावी असे आपण म्हणतो, आणि बहुधा ते खरेही असते. परंतु आपल्या तालुक्यात गुरेढोरे नाहीत असे शेतकऱ्याचे घर विरळाच. अशा घरांत पापणीचे काही विकार जनावरांपासून येऊ शकतात. ते क्वचित होतात, म्हणूनच ओळखण्यास विलंब लागतो. त्यांपैकी दोन आज सांगावयाचे आहेत.

पहिला म्हशींच्या देवींचा. म्हशीच्या सडांवर व कासेवर फोड येतात. धार काढणाऱ्याच्या हातास खरचटले असल्यास तेथेही फोड उठतात, आणि तोच हात डोळ्यास लागला तर पापणीवरही उठू शकतात. २००९ साली सोलापूर जिल्ह्यातील कासेगाव येथे १६६ आणि कोल्हापूर जिल्ह्यातील २१ गावांत १८५ माणसांना ही बाधा झाल्याची नोंद आहे. देवी टोचून घेतलेल्या वडीलधाऱ्यांस तिच्यापासून काही अंशी संरक्षण असते. १९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्या सुमारास टोचणीही थांबली. आजची मुले त्या संरक्षणास मुकली आहेत. हा विकार बहुधा आपोआप बरा होतो. मात्र बुबुळास बाधा पोहोचल्यास दृष्टीस धोका असतो.

दुसरा विकार काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा. तो अधिक घातक होय. जनावर एकाएकी मरते. पुष्कळदा नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येते. त्याचे कातडे सोडविताना वा मांस हाताळताना जंतू माणसाच्या त्वचेत शिरतात. पापणीवर प्रथम खाजरी पुळी येते, मग फोड होतो व काही दिवसांत मधोमध काळी खपली धरते. सूज गालावर उतरते, डोळा मिटतो. परंतु खपली दुखत नाही. रांजणवाडी ठणकते, काळपुळी ठणकत नाही, हा भेद ध्यानात ठेवावा. दुखत नाही म्हणूनच घरची माणसे थांबतात. वेळीच औषध मिळाल्यास रोग हटतो. उशीर झाल्यास जीवावर बेतू शकते. वाचल्यावरही व्रण आक्रसून पापणी मिटेनाशी होते आणि उघडा डोळा कोरडा पडून निकामी होण्याचे भय राहते.

औषधोपचार हे आपले काम नव्हे. आपण मुलास एकच प्रश्न विचारावा: ‘घरचे एखादे जनावर आजारी आहे का, किंवा नुकते मेले आहे का?’ उत्तर होकारार्थी असल्यास, अथवा काळी खपली दिसल्यास, पालकांस बोलावून त्याच दिवशी मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, आणि जनावराची हकीकत चिठ्ठीत लिहून द्यावी. डॉक्टरांपुढे पालक डोळ्याविषयी बोलतात. गोठ्याची गोष्ट सांगावी हे त्यांस सुचत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यासही कळवावे. फोड फोडू नये, खपली ओढू नये, त्यावर लवंग वा चुना लावू नये.

धार काढल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि एकाएकी मेलेले जनावर न फाडता खोल पुरावे, हे दोन धडे मुलांकरवी घरोघर पोहोचवावेत. रोजच्या हजेरीच्या वेळी प्रत्येक मुलाचा चेहरा आपल्यासमोर असतो. नाव पुकारताना त्या चेहऱ्याकडे क्षणभर निरखून पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.