रेशमाचं शहर : ल्यों

फ्रान्स म्हटलं की पॅरिसच डोळ्यांपुढे येतं. पण रोन आणि सोन या नद्यांच्या संगमावर वसलेलं ल्यों तितकंच मातब्बर. इसवी सनापूर्वी 43 मध्ये रोमनांनी ते वसवलं.

शहराचं खरं भाग्य उजळलं ते रेशमामुळे. 1536 मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने इथल्या विणकरांना सवलती दिल्या. पुढे 1804 मध्ये इथल्याच जोसेफ जॅकार्डने आपला माग सिद्ध केला. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यावर फिरते. भोक आलं की सुई आरपार जाते नि ताण्याचा धागा उचलला जातो. कोरा पुठ्ठा आला की धागा खालीच. अशी नक्षी आपोआप उतरते. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच कल्पना उचलली!

हे माग इतके उंच, की क्रुआ-रूस टेकडीवरच्या विणकरांच्या घरांना जवळपास चार मीटर उंचीची छतं लागत. रेशमाचं वैभव मात्र विणकरांच्या वाट्याला आलं नाही. मजुरीसाठी 1831 आणि 1834 मध्ये त्यांनी उठाव केले. सरकारने ते लष्कराकरवी चिरडले.

इमारतींच्या पोटातून जाणारे ‘त्राबूल’ नावाचे बोळ आजही आहेत. दुसऱ्या महायुद्धात नाझीविरोधी क्रांतिकारकांना ते फार उपयोगी पडले. 1998 पासून शहराचा जुना भाग जागतिक वारसा आहे.

आणखी एक. सिनेमाचे आद्य प्रणेते ल्युमिएर बंधू यांचा कारखाना इथलाच. सुट्टी झाल्यावर बाहेर पडणारे त्यांचे कामगार 1895 मध्ये चित्रफितीवर आले, आणि 7 जुलै 1896 रोजी मुंबईकरांनी ते वॉटसन हॉटेलात पाहिले.